तीव्र आंदोलन छेडण्यात येईल

वाशिमच्या पाटणी चौकात उभं राहून एकदा चारी बाजूंना मान फिरवली, की या जिल्ह्यात विद्यार्थी कमी आणि विद्यार्थी नेते जास्त आहेत याची खात्री पटते. अकोला नाक्याच्या बाजूला एक फ्लेक्स, पुसद नाक्याच्या बाजूला दोन, आणि मधल्या खांबावर गेल्या महिन्यातल्या वाढदिवसाचा, उन्हाने पिवळा पडलेला आणखी एक. प्रत्येकाच्या डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल. ज्याच्या कानाला मोबाइल नाही त्याने हात जोडलेले. वरच्या गोल चौकटींत पक्षाचे नेते: दिल्ली, मुंबई, वाशिम अशा उतरत्या क्रमाने आणि उतरत्या आकाराने. मधोमध 'विद्यार्थी हृदयसम्राट'. खाली तीन रांगांत शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, चाळीसएक. मी याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गातली सगळी पोरं एकत्र दिसतात ती फक्त या फ्लेक्सवर.

या सम्राटांना आमच्याकडे भाऊ म्हणतात. वय एकवीस असो की एकतीस, भाऊच. प्राध्यापकही म्हणतात. मीही म्हणतो; उद्या तो संस्थेच्या अध्यक्षांच्या गाडीतून उतरला तर आजचा 'अरे-तुरे' कुठे लपवायचा? भाऊ कोणत्या वर्गात आहे, हे मात्र विचारू नये. त्याचं बी.ए. झालेलं असतं, एका विषयात एम.ए. झालेलं असतं, दुसऱ्या विषयात चालू असतं आणि लॉची ॲडमिशन घेऊन ठेवलेली असते. शिक्षण सुटलं तर विद्यार्थी नेतेपद सुटेल, म्हणून तो शिकत राहतो. ज्ञानाची अशी अखंड ओढ मी आमच्या स्टाफरूममध्येही पाहिलेली नाही.

गंमत अशी, की या भाऊला कुणीही निवडून दिलेलं नाही. देणार कुठून? महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या वर्गांतून मतपेटी 1994 च्या विद्यापीठ कायद्याने उचलली, ती अजून परत आलेली नाही.

त्याआधीच्या निवडणुकांचं वर्णन आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून ऐकावं. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका. जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. विद्यापीठही 1983 पर्यंत नागपूरचं, मग अमरावतीचं झालं. पण जी.एस., यू.आर., एल.आर., सी.आर. ही अक्षरं तालुक्याच्या कॉलेजातही अशी घुमायची, की इंग्रजीत सलग तीनदा नापास झालेला पोरगासुद्धा ती बिनचूक म्हणायचा. जी.एस. म्हणजे सरचिटणीस, एल.आर. म्हणजे विद्यार्थिनींची प्रतिनिधी, सी.आर. म्हणजे वर्गप्रतिनिधी आणि यू.आर. म्हणजे विद्यापीठात आपल्या कॉलेजचा प्रतिनिधी. त्याचं वर्षभराचं काम काय, हे कुणालाच नीट माहीत नसे. पण तो पानटपरीवर आला की टपरीवाला आपणहून चुना कमी लावायचा, एवढी त्याची जरब.

उमेदवार मात्र 'आपला' लागायचा. कॉमर्सचा पोरगा आर्ट्सच्या वर्गात मतं मागायला आला तर मागच्या बाकावरून आवाज यायचा, "बाहेरचा हाय रे!" रिसोडचा मुलगा वाशिमच्या कॉलेजात उभा राहिला तर तोही बाहेरचा. आणि हे सगळं त्या वाशिममध्ये, जिथे 1980 च्या लोकसभा निवडणुकीत युवक काँग्रेसचे तरुण नेते गुलाम नबी आझाद थेट जम्मू-काश्मीरहून येऊन उभे राहिले आणि निवडून आले. 1984 ला पुन्हा आले, पुन्हा निवडून आले. म्हणजे दिल्लीला पाठवायचा माणूस हिमालयापलीकडून आला तरी चालतो. पण कॉलेजच्या गॅदरिंगचं बजेट ज्याच्या हाती द्यायचं, तो मात्र आपल्या गल्लीतला हवा. मतदार कुठल्या निवडणुकीला गंभीरपणे घेत होता, ते यावरून कळतं.

1994 च्या कायद्याने या सगळ्यावर असा उतारा काढला की तो काढणाऱ्याला दंडवत घालावा. वर्गात आदल्या वर्षी जो गुणांनी पहिला, तोच वर्गप्रतिनिधी. मतदान नाही, भांडण नाही. शिवाय खेळ, एन.एस.एस., एन.सी.सी., सांस्कृतिक असा एकेक जण आणि दोन विद्यार्थिनी प्राचार्यांनी नेमायच्या. या सगळ्यांनी मिळून आपल्यातला एक सचिव निवडायचा. झालं! राजकारण संपलं, असं मुंबईत बसलेल्यांना वाटलं असावं.

आता वर्गातला पहिला मुलगा डोळ्यांपुढे आणा. पहिल्या बाकावर बसतो, कुणाला वही देत नाही, कुणाशी बोलत नाही, डब्यात काय आणलं तेही सांगत नाही. वर्षभर ज्याने तोंड उघडलं नाही तो एका सकाळी सूचनाफलकावर आपलं नाव वाचतो आणि त्याला कळतं की आपण नेते झालो. पण सचिवाची निवडणूक शिल्लक आहे, मतं मोजून पंधरा-वीस आहेत आणि प्रत्येक मत एका हुशार मुलाच्या खिशात आहे, हे भाऊला त्याच्याआधी कळलेलं असतं. मग काय, पहिल्या आलेल्या मुलांना पळवून नेण्याचा हंगाम सुरू व्हायचा. एक जीप चिखलदऱ्याला, एक माहूरला, ज्याचं बजेट कमी त्याची लोणारला. हुशार मुलं घाबरून जायची, पण पुस्तकं बरोबर घ्यायची. आमचे एक सहकारी सांगतात, त्यांच्या गटाने चिखलदऱ्याला नेलेला एक सी.आर. दोन दिवस हॉटेलच्या खोलीत अकाउंट्सची गणितं सोडवत बसला. देवी पॉइंट पाहायला चल म्हटलं तर म्हणाला, "टॅली होऊन नाही राहिलं, थांबा." दारावर पहारा देणाऱ्या दोघांना त्याने नफा-तोटा पत्रक शिकवलं. त्यातला एक पुढे त्याच विषयात पास झाला. 1994 च्या कायद्याने शैक्षणिक दर्जा उंचावला तो एवढाच.

2022 च्या जूनमध्ये राज्याचे बंडखोर आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, तेव्हा टीव्हीवाले 'अभूतपूर्व' म्हणून ओरडत होते. आमच्या स्टाफरूममध्ये कुणी पेपरमधून मान वर केली नाही. हॉटेल मोठं होतं, एवढाच काय तो फरक.

हे हसण्यावारी नेता येतं, कारण आमच्याकडे जीपपलीकडे फारसं काही घडलं नाही. मुंबईत घडलं. 1989 साली कॉलेज निवडणुकीच्या वैरातून ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि पोरांच्या निवडणुका म्हणजे पक्षांच्या टोळ्यांचं मैदान, असं सरकारच्या मनाने घेतलं. ती भीती खोटी नव्हती. पण उपाय असा निघाला की गुंड पक्षात राहिले, पक्ष कॉलेजात राहिले आणि बाहेर गेली ती फक्त मतपेटी.

मग 2006 साली माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने देशभरातल्या कॉलेज निवडणुकांसाठी नियम घालून दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. मी ते दरवर्षी तृतीय वर्षाला शिकवतो. त्या तासाला वर्गात खरा हशा पिकतो. उमेदवाराचा खर्च 5,000 रुपयांच्या आत. एवढ्यात भाऊच्या एका वाढदिवसाचा केकही येत नाही. केक तलवारीने कापायचा असल्याने तो लांबीला मोठा लागतो. छापील पोस्टर नाही, हाताने रंगवलेलंच. पदवीच्या उमेदवाराचं वय 22 च्या आत, पदव्युत्तर असेल तर जास्तीत जास्त 25. इथे निम्मे भाऊ बाद. विषय मागे राहिलेला नको. इथे उरलेले निम्मे बाद. आणि हजेरी किमान 75 टक्के! हा नियम आमच्याकडे लावला तर उमेदवार म्हणून उरेल तो ग्रंथालयाचा परिचर आणि मतदार म्हणून उरेन मी.

त्याच नियमांत एक वाक्य असं आहे की प्रचारासाठी लाउडस्पीकर, वाहनं आणि जनावरं वापरू नयेत. जनावरं! दिल्लीत हा नियम कुणाला उद्देशून केला, देव जाणे. वाशिमला मात्र तो नेमका लागू पडतो. सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक घ्या, असं समितीचं म्हणणं. आमच्याकडे तेवढ्यात पोळा येतो. पोळ्याला वऱ्हाडात बैलाच्या पाठीवर कर्जमाफी आणि सोयाबीनचा भाव रंगवतात. त्यात एखाद्या पोराने 'सी.आर. पदासाठी आपला माणूस' एवढं घातलं असतं तर बैल गावभर फिरून पैसाही न घेता प्रचार करून आला असता. गेला बिचारा हातचा कार्यकर्ता.

पुढे 2016 चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला, त्याने निवडणुका परत आणल्या. कागदावर. तेव्हाचे उच्च शिक्षणमंत्री विनोद तावडे, स्वतः अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेतून वर आलेले, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. 2018 ला नियमावली निघाली, 2019 च्या पावसाळ्यात निवडणुकीच्या तारखाही ठरल्या. आमच्या कॉलेजात मतदार याद्या लावायचं काम माझ्याकडे आलं. भाऊने कडक इस्त्रीचे दोन पांढरे शर्ट शिवून घेतले. तेवढ्यात कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, पाठोपाठ विधानसभेची निवडणूक आली आणि कॉलेजच्या निवडणुका पुढे गेल्या. मग मार्च 2020 मध्ये करोना आला आणि कॉलेजच गेलं. शर्ट वाया गेले नाहीत, फ्लेक्सच्या फोटोला कामी आले.

तर निवडणूक नाही, संघटना मात्र भरपूर. निवडून यायचं नाही म्हटल्यावर भाऊने नेता आहोत हे सिद्ध कशाने करावं? निवेदनाने.

निवेदन हा वाशिम जिल्ह्याचा खरा कुटीरोद्योग आहे आणि त्याचं सविस्तर वर्णन केल्याशिवाय मला राहवत नाही. आधी लेटरहेड. त्यावर डावीकडे भाऊचा फोटो, उजवीकडे पक्षश्रेष्ठींचा, मध्ये संघटनेचं नाव आणि खाली पदाधिकाऱ्यांची यादी: जिल्हाध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष पाच, शहराध्यक्ष, तालुका संघटक, सोशल मीडिया प्रमुख. साधा सदस्य एकही नाही, सेनापतींचीच सेना. मजकुराची सुरुवात 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की' अशी आणि शेवट 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास सर्वस्वी प्रशासन जबाबदार राहील' असा. मधली चार वाक्यं मागणीप्रमाणे बदलायची. प्रत माहितीस्तव मुख्यमंत्री, उच्च शिक्षणमंत्री, कुलगुरू, पोलीस अधीक्षक आणि सर्व पत्रकार बंधू. यातल्या शेवटच्यांना प्रत खरोखर पोचते.

मग दुपारी बाराच्या सुमारास जिल्हाधिकारी कार्यालय. साहेब दौऱ्यावर असतात, म्हणून निवासी उपजिल्हाधिकारी. ते खुर्चीतून अर्धे उठतात, कारण पूर्ण उठले तर फोटोत पोट येतं आणि बसून राहिले तर 'प्रशासनाची मुजोरी' असा मथळा येतो. कागद एक, पण त्याला हात चौदा. ज्याचं बोट कागदाला लागलं तो बातमीत 'प्रामुख्याने उपस्थित'. ज्याचं लागलं नाही तो 'आदी व बहुसंख्य विद्यार्थी'. म्हणून मागच्या रांगेतले दोघं पुढच्यांच्या काखेखालून हात घालून कागदाच्या कोपऱ्यापर्यंत पोचतात. फोटोत ते हात कुणाचे, हे शेवटपर्यंत कळत नाही. "काढ बावा लवकर, सायबाले व्ही.सी. हाय," असं शिपाई म्हणतो, कारण त्याच्या नोकरीतलं हे कितवं निवेदन हे त्यालाही आठवत नसतं. आवक विभागातून पोच घेतली की आंदोलनाचा पहिला टप्पा यशस्वी. दुसरा टप्पा नसतोच.

मागण्या खोट्या असतात असं कुणी समजू नये. त्या पक्क्या खऱ्या असतात, इतक्या खऱ्या की वर्षानुवर्षं त्याच राहतात. महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज 'क्लर्क लॉगिन'वरून 'प्राचार्य लॉगिन'ला जातो आणि तिथे असा विसावतो की पोरगं पास होऊन, लग्न होऊन, त्याचं पोरगं बालवाडीत जाईस्तोवर 'पेंडिंग' दिसतो. निकाल उशिरा लागतो, लागला तर 'विथहेल्ड' लागतो, आणि तो सोडवायला अमरावतीला जायचं तर सव्वाशे-दीडशे किलोमीटर. वसतिगृहाचं जेवण हा तर बारमाही विषय. डिसेंबर 1973 मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं म्हणून पोरं चिडली, त्यातून नवनिर्माण आंदोलन पेटलं आणि फेब्रुवारीत चिमणभाई पटेलांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. हे मी वर्गात मोठ्या तावातावाने सांगतो. आमच्याकडे वसतिगृहाच्या वरणावर दरसाल निवेदन जातं. सरकार पडत नाही. वरणही घट्ट होत नाही.

क्वचित निवेदनाच्या पुढे गाडी जाते. एकदा एका कॉलेजात 'ताला ठोको' झालं, त्याला मी साक्षी होतो. मागणी साधी: पाण्याचा कुलर उन्हाळाभर बंद आहे, तो दुरुस्त करा. पंधरा-सोळा पोरं घोषणा देत प्राचार्यांच्या केबिनपर्यंत आली आणि तिथे लक्षात आलं की ताला कुणीच आणलेला नाही. भाऊने कोषाध्यक्षाकडे पाहिलं, कोषाध्यक्षाने शहराध्यक्षाकडे. शेवटी शिपायालाच विचारलं, "काका, एखादं कुलूप असंन का?" काकांनी जिमखान्याचं कुलूप आणून दिलं. सरकारी कामात मदत करायची सवय, दुसरं काय! प्राचार्य आतून म्हणाले, "लावा, पण लवकर आटपा, मला एक वाजता जेवायला जायचं आहे." कुलूप लागलं, घोषणा झाल्या, फोटो निघाले. आता उघडायचं, तर किल्ली काकांच्या जुडग्यात आणि काका डाक टाकायला पोस्टात गेलेले.

सुरुवातीची पाच मिनिटं हसण्यात गेली. मग आतून प्राचार्यांनी दार ठोकलं. त्यांना मधुमेह आहे, ही गोष्ट तेव्हा कुणीतरी हळूच बोललं. भाऊचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इतकी वर्षं आंदोलनं केली, पण एखादं खरोखर होईल, ही कल्पना त्याला नव्हती. "सर, घाबरू नोका, म्या हाओ ना!" असं तो खिडकीच्या गजातून सांगत होता आणि शहराध्यक्ष मोटारसायकलवर पोस्टाकडे पळाला होता. कोषाध्यक्षाने आयुष्यातला पहिला खर्च केला. गजातून आत बिस्किटचा पुडा दिला. प्राचार्यांनी बिस्किट खाता खाता सांगितलं, "कुलर उद्या दुरुस्त होईल, आधी किल्ली आणा." अर्ध्या-पाऊण तासाने काका आले, दार उघडलं, प्राचार्य सरळ घरी जेवायला गेले. दुसऱ्या दिवशी कुलर खरोखर सुरू झाला. पेपरात मथळा आला: 'विद्यार्थ्यांच्या लढ्याला यश'. भाऊने त्यानंतर ताला ठोकोचं नाव काढलं नाही. खऱ्या आंदोलनाचा त्याने धसका घेतला, तो घेतलाच.

आणि पोरं का येत नाहीत यांच्या मागे? लोकांना वाटतं, हल्लीची पिढी मोबाइलमध्ये बुडाली. सकाळी सहाला कुठल्याही कॉलेजच्या मैदानावर या, म्हणजे पिढी कुठे आहे ते दिसेल. ती धावत असते. पोलीस भरतीत 1600 मीटरला 20 गुण, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. मैदानावरून ती अभ्यासिकेत जाते, तिथून रात्री खोलीवर. कॉलेजात येते ती परीक्षेला आणि बोनाफाइडला. उद्योग नाहीत, सोयाबीनला भाव नाही, केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे, त्यांत आम्ही. सारी आकांक्षा एका खाकी गणवेशात एकवटलेली. अशा पोराला भाऊ म्हणतो, "चाल, रास्ता रोको हाय." पोरगं म्हणतं, "गुन्हा दाखल झाला त चारित्र्य पडताळणीत काय सांगू?" ज्या पोलिसांत भरती व्हायचं त्याच पोलिसांनी आपल्याला गाडीत घालायचं, हा पेच मार्क्सलाही सुटला नसता.

पोलिसांचंही सगळं ठरलेलं असतं. आदल्या संध्याकाळी गोपनीय शाखेचे हवालदार भाऊला चहाच्या टपरीवर गाठतात.

"किती जन येतीन उद्या?"

"दोनशे."

"खरं सांग ना बे."

"वीस."

"मंग मी दहा लिहितो. सायबाले कायले टेन्शन?"

मग कलम 149 ची नोटीस हातात पडायची. आता कायदा बदलला, कलमाचा आकडा बदलला, नोटीस आणि चहा तेच. भाऊ नोटिशीचा फोटो स्टेटसला ठेवतो: 'दडपशाहीला घाबरत नाही.' हवालदारांनी तो स्टेटस पाहिल्याची खूण खाली उमटते.

या साऱ्या पसाऱ्यात मला एकच विद्यार्थी चळवळ चालताना दिसली आहे, आणि तिला लेटरहेड नव्हतं. ती एसटीची. विद्यार्थ्यांना मासिक पासात एक तृतीयांश भाडं भरावं लागतं. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट. योजना चांगल्या, पण काही चालकांना फाट्यावर उभी पासवाली पोरं दिसली की गाडीचा वेग वाढवावासा वाटतो. थांबलीच गाडी तर अर्धा फर्लांग पुढे जाऊन थांबते. दप्तर सांभाळत पोरी धावतात आणि त्या पोचेपर्यंत डबल बेल. हे महिनोन्महिने चाललं. मग एका सकाळी त्या फाट्यावरच्या वीस-बावीस पोरी, अकरावीपासून बी.ए.पर्यंतच्या, दप्तरं मांडीवर घेऊन रस्त्यावर बसल्या. घोषणा नाही, झेंडा नाही. दोन बस, एक ट्रक आणि सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर अडकला. ट्रॅक्टरवाला एकीचा काकाच निघाला. "ऊठ वं," म्हणाला. ती म्हणाली, "काका, बस थांबत नाही. तुमी इंजिन बंद करा." त्याने केलं.

आगारातून साहेब आले. त्यांनी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, "तुमचा नेता कोण?"

"कोनी नाही."

"मग मी बोलू कोणाशी?"

"सगळ्याइसंगं बोला."

साहेबांची पंचाईत झाली. निवेदन असतं तर घेतलं असतं, फोटो काढला असता, पोच दिली असती. इथे नुसत्या बावीस तक्रारी, त्याही वेळापत्रकासकट. एकीने वहीच्या शेवटच्या पानावर तारखा लिहून ठेवल्या होत्या: कोणत्या दिवशी कोणती गाडी थांबली नाही, तिचा नंबर काय. साहेबांनी ते पान मोबाइलवर टिपून घेतलं आणि तिथूनच चालकांना फोन लावला. दुसऱ्या दिवसापासून गाडी थांबू लागली. त्या दिवशी अकराच्या सुमारास भाऊ लेटरहेड घेऊन फाट्यावर पोचला, तेव्हा पोरी अडकलेल्या त्याच बसमधून निघून गेल्या होत्या. पहिला पेपर होता. बातमीत मात्र नाव भाऊचंच आलं: 'यांच्या पाठपुराव्यामुळे'. तोवर फाट्यावर शुभेच्छांचा फ्लेक्सही लागला होता. त्यावर त्या बावीस जणींतली एकही नव्हती; मुली फ्लेक्सवर फोटो देत नाहीत.

61 व्या घटनादुरुस्तीने 1989 पासून अठराव्या वर्षी मत देता येतं. म्हणजे माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात बसणारी मुलगी देशाचा पंतप्रधान ठरवायला लायक आहे. एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायत लढवता येते, सरपंचही होता येतं. माझ्याच वर्गात एक ग्रामपंचायत सदस्य आहे. ती गावच्या नळयोजनेच्या ठरावावर सही करून मग कॉलेजात येते. कॉलेजच्या पाण्याच्या कुलरबद्दल मात्र तिला मत नाही. तिथे भाऊला आहे, आणि ते त्याला कुणी दिलेलं नाही.

निवडणुका घेतल्या तर राजकारण शिरेल, असं अजूनही बैठकांमध्ये गंभीर चेहऱ्याने सांगितलं जातं. ज्यांना असं वाटतं त्यांनी एकदा वाशिमला यावं, बसस्टँडवर उतरावं आणि पाटणी चौकापर्यंत वर बघत चालत जावं. कायदा झाला आहे, नियमावली झाली आहे, कमी आहे ती फक्त तारखेची. ती सरकारने एकदाची जाहीर करावी. मतदार यादी मी लावून देतो. निकालाचा अंदाजही आत्ताच लिहून देतो: भाऊचं डिपॉझिट जप्त, आणि फाट्यावरची ती वहीवाली पोरगी मोठ्या फरकाने विजयी.